डोकंसरांची आरोळी

सरांचं खरं नाव क्लबच्या हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. मैदानावर, गल्लीत, न्हाव्याच्या दुकानात आणि दुर्दैवाने सासरीसुद्धा ते ‘डोकंसर’ होते. नेटमध्ये बॅट्समन उभा राहिला की सर बरोबर त्याच्या समोर, बोलरच्या मागे जाऊन उभे राहायचे, हात पाठीमागे बांधायचे आणि एकच शब्द ओरडायचे, “डोकं!” पुढे नाही, मागे नाही, स्पष्टीकरण नाही. नव्या पालकांना ते सरांचं आडनावच वाटायचं. एका आईने मुलाच्या वाढदिवसाचं आमंत्रण ‘श्री. व सौ. डोके’ यांना धाडलं, तेव्हा सौ. डोके दोन दिवस घरात कोणाशी बोलल्या नव्हत्या.

सरांचा सिद्धांत साधा होता. बॅट्समनच्या अंगात हजार खोडी असतात, त्यातल्या नऊशे नव्व्याण्णव डोक्यापासून सुरू होतात. डोकं जिकडे पडेल तिकडे खांदा पडतो, खांद्यामागे बॅट आणि बॅटीमागे स्टंप. उरलेली एक खोड म्हणजे जाळीबाहेर उभा असलेला बाप. त्याच्यावर इलाज नाही.

डोकं सरळ राहावं म्हणून सर मुलांच्या डोक्यावर रबरी चप्पल ठेवून त्यांना बॉलशिवाय बॅट फिरवायला लावायचे. चप्पल पडली की पुन्हा पहिल्यापासून. एकदा एक वडील तावातावाने आले. “माझ्या मुलाच्या डोक्यावर तुम्ही चप्पल ठेवता?”

“मग बूट आणा,” सर म्हणाले. “मला चालेल.”

आता एवढं शिकवणारा माणूस स्वतः कसा खेळत होता, हा प्रश्न सरांना आवडायचा नाही, म्हणून सगळे विचारायचे. तरुणपणी ते एका कारखान्याच्या संघात होते. बॅटिंगला शेवटी जायचे, आणि बोलिंग मिळायची ती जेवणाच्या सुट्टीआधीची एक ओव्हर, कारण तेव्हा बाकीच्यांना भूक लागलेली असायची. त्यांचा खांदा निखळला तोही झेल घेताना नव्हे, तर संघाचं सामान बसच्या टपावर चढवताना. कारकीर्द संपली. संघाला ते कळायला थोडा वेळ लागला. मग सरांनी प्रशिक्षकाची परीक्षा दिली, पास झाले आणि गळ्यात शिट्टी अडकवली.

“आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?” असं त्यावर मेव्हणा म्हणाला. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. नळ, पाइप आणि तोट्यांचं दुकान चालवायचा, आणि सरांची नोकरी गेली की भेटायला यायचा. “दाजी, आपल्या दुकानात जागा आहे,” असं म्हणायचा. म्हणायचा प्रेमानेच, पण त्या प्रेमाला तोटीचा वास यायचा.

पहिली नोकरी गेली ती एका शाळेतली. सरांनी एका मुलाला सांगितलं, “बाळ, तू बुद्धिबळ खेळ.” बाळ मुख्याध्यापकांचा निघाला.

दुसरी नोकरी गावातल्या जुन्या क्लबमध्ये. तिथे सर चांगले रुजले, डझनभर वर्षं टिकले, आणि तिथेच त्यांना बगळा मिळाला. बगळा म्हणजे अकरा वर्षांचा एक पोरगा. निम्मा पाय, उरलेला मान. हाताला अशी नजर, की बॉल बोलरच्या हातून सुटायच्या आत याला कुठे मारायचा ते ठरलेलं असायचं. पण उभा राहिला की डोकं ऑफ स्टंपकडे कलायचं, शेजारच्याचा पेपर वाचत असल्यासारखं. सरळ बॉल आला की हा त्याच्या पलीकडे पडायचा, बॉल पॅडवर, आणि अंपायरचं बोट वर.

सर त्याच्यामागे हात धुऊन लागले. त्याचे आईबाप दोघंही पाळीवर कामाला, म्हणून प्रॅक्टिसनंतर बगळा सरांच्याच घरी जेवायचा. सर जेवतानाही त्याला सोडत नसत. पोराने आमटीच्या वाटीकडे मान वाकडी केली की समोरून “डोकं!” बगळ्याच्या हातातला घास ताटात पडायचा.

“अहो, जेवू द्या की त्याला,” बाई म्हणायच्या. “तोंड डोक्यातच असतं. ते वाकडं केल्याशिवाय घास कसा जाणार?”

बाई सरांच्या पत्नी. त्यांना क्रिकेट कळत नव्हतं असं त्या सांगायच्या, पण इतकी वर्षं एकाच घरात राहून माणसाला मलेरियाही कळतो.

बगळ्याचं डोकं सरळ व्हायला चार हंगाम आणि तीन चपला लागल्या. मग मात्र तो धावांच्या राशी ओतत गेला. जुन्या क्लबच्या मोठ्या संघात आला, पुढे कप्तान झाला. सर लोकांना सांगायचे, “पोरगा जात्याच हुशार आहे,” आणि समोरचा “नाही हो, तुम्हीच घडवलंत” म्हणेपर्यंत जागचे हलायचे नाहीत.

आणि मग जुन्या क्लबला नवे अध्यक्ष मिळाले. त्यांनी लॅपटॉपवाला कोच आणायचं ठरवलं. ज्या बैठकीत सरांना निरोप द्यायचा होता त्या बैठकीला कप्तान म्हणून बगळाही होता. सर त्याच्याकडे बघत राहिले. बगळा स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. एक शब्द बोलला नाही. नोकरी जाण्याची सरांना सवय होती, पण हे जिव्हारी लागलं. त्यानंतर चार वर्षं ते बगळ्याशी बोलले नाहीत. बगळा समोरून आला तर रस्ता बदलायचे, आणि रस्ता बदलायला जागा नसेल तर दुकानात शिरायचे. असे ते एकदा बायकांच्या कपड्यांच्या दुकानात पाऊण तास अडकले होते.

बरेच दिवस काम मिळालं नाही. मेव्हणा दोनदा येऊन गेला. शेवटी गावातल्या नव्या, पैसेवाल्या क्लबने त्यांना एका वर्षासाठी घेतलं. सेक्रेटरींनी आपला शब्द खर्ची घातला होता. सेक्रेटरी पेशाने दातांचे डॉक्टर. समोरच्याने तोंड उघडलं की ते आपण बोलायला सुरुवात करायचे.

“फायनल जिंका, मी तीन वर्षांचा करार पुढे ठेवतो,” ते म्हणाले. “हरलात तर बघू.”

डॉक्टर ‘बघू’ म्हणाले की काहीतरी उपटलं जातं, हे सरांना ठाऊक होतं. घरी बाईंनी ते जास्त स्पष्ट सांगितलं. “अहो, आता साठीला आलात. तुमच्याआधी तुमचे गुडघे खोलीत येतात, कुरकुरत. हा क्लब गेला तर चौथा कोणी घेणार नाही. आणि मला माझ्या भावाच्या उपकाराखाली म्हातारपण काढायचं नाही. एवढं एक वर्ष तोंड सांभाळा.”

सरांनी सांभाळलं. नव्या क्लबची पोरं आळशी होती, पण मनाने चांगली होती. वर्षभर चपला पडत राहिल्या आणि क्लब आयुष्यात पहिल्यांदा फायनलला पोचला. समोर संघ आला तो जुना क्लब. कप्तान बगळा.

आदल्या संध्याकाळी सरांनी बोलरांना जमवलं. “त्याचं डोकं पुन्हा पडायला लागलंय,” ते म्हणाले. “लॅपटॉपला ते दिसत असेल, पण लॅपटॉप ओरडत नाही. उद्या त्याला बाहेरचं काही टाकू नका. सरळ स्टंपांवर, टप्पा पुढे. तो आपणहून पलीकडे पडेल. आपण फक्त अपील करायचं.”

हे सांगताना सरांच्या आवाजात आनंद होता. तो थोडा हलकट आनंद होता, पण चार वर्षं मुरलेला होता.

सामना अगदी सरांच्या मनासारखा चालला. जुन्या क्लबचे सात गडी गेले, तिशीपेक्षा थोड्या जास्त धावा राहिल्या, आणि बगळा धडपडत होता. एक बॉल पॅडवर आदळला, अंपायर थोडक्यासाठी नाही म्हणाले. एक बॅटची कड घेऊन स्टंपांजवळून गेला. तिसऱ्यांदा तर बगळा चक्क तोल जाऊन गुडघ्यावर आला. नव्या क्लबच्या तंबूत सेक्रेटरी सरांकडे बघून हसले. त्यांचे सगळे दात दिसले. सरांना तीन वर्षांचा करार डोळ्यांसमोर दिसायला लागला.

एवढ्यात अंपायरने खेळ थांबवला. बोलरच्या मागच्या बाजूला, सीमेवरच्या पांढऱ्या पडद्यासमोर एक कुटुंब खुर्च्या मांडून निवांत बसलं होतं, आणि बॅट्समनला बॉल दिसत नव्हता. सर जवळच होते. ते उठले, त्या मंडळींना खुर्च्यांसकट बाजूला काढलं, आणि सहज मैदानाकडे वळले.

वळले ते बरोबर तिथे, जिथे ते आयुष्यभर उभे राहिले होते. बोलरच्या मागे, बॅट्समनच्या समोर. हात आपोआप पाठीमागे बांधले गेले. खुर्च्यांच्या गडबडीमुळे सगळं मैदान थांबून होतं. बोलर आपल्या जागी उभा राहून बॉल पँटवर घासत होता. पलीकडे बगळ्याने स्टान्स घेतला, आणि त्याचं डोकं हळूच, लाजल्यासारखं, ऑफ स्टंपकडे पडलं.

त्या पडलेल्या डोक्यावर सरांचं उरलेलं आयुष्य उभं होतं. ते तसंच पडू द्यायचं होतं. काहीही करायचं नव्हतं. जगात काहीही न करण्याइतकं सोपं काम नाही, आणि मेव्हण्याच्या मते सरांनी जन्मभर तेच केलं होतं.

“डोकं!”

आरोळी बेंबीच्या देठापासून आली. विकेटकीपरचं डोकं सरळ झालं. स्लिपमधल्या दोघांची झाली. बोलर बॉल घासता घासता ताठ उभा राहिला. अंपायरने टोपी सावरली. आणि बाविसाव्या यार्डावर, हेल्मेटच्या आत, बगळ्याचं डोकं ओढल्यासारखं वर आलं आणि मधोमध थांबलं.

पुढचा बॉल सरळ होता, पुढे होता, सरांनी सांगितला होता अगदी तसाच होता. बगळ्याने तो आला त्याच वाटेने परत पाठवला. बॉल सरांच्या शेजारी पडद्यावर धाडकन आदळला. आणि सरांनी टाळी वाजवली. एकच वाजवली, मग भानावर येऊन दोन्ही हात खिशात कोंबले. ती कोणी पाहिली नाही, हे नशीब.

त्यानंतर बगळा चुकला नाही. जुना क्लब जिंकला.

तंबूत पोरं सरांकडे पाठ करून सामान भरत होती. विकेटकीपर फक्त म्हणाला, “सर, तो आपला नव्हता.”

“माहीत आहे रे गाढवा,” सर म्हणाले. त्यांना खरोखरच रडू येत होतं.

घरी बाईंनी सगळं ऐकून घेतलं. आधी कपाळाला हात लावला, मग तो काढून फोन उचलला. बगळ्याशी नवऱ्याचा अबोला होता, त्यांचा नव्हता. त्या दर वाढदिवसाला त्याला फोन करायच्या आणि ‘चुकीचा नंबर लागला’ असं सरांना सांगायच्या.

“माझ्या हातचं जेवलास ना?” त्या बगळ्याला म्हणाल्या. “मग उद्या त्यांच्या कमिटीपुढे ये, आणि मी सांगते तेवढंच बोल.”

नव्या क्लबची कमिटी त्या क्लबच्या अध्यक्षांच्या कचेरीत बसली. अध्यक्षांचा फर्निचरचा कारखाना होता. खोलीत नव्या पॉलिशचा वास, सोफ्यावरचं प्लास्टिक काढलेलं नाही, त्यामुळे कोणी जरा हललं तरी सगळ्यांना कळायचं. सर खुर्चीच्या टोकावर बसले. बाईंनी इस्त्री केलेला शर्ट त्यांना गळ्याशी आवळत होता.

अध्यक्षांना भांडण नको होतं. संघ पहिल्यांदाच फायनलला गेला होता. शिवाय आपल्याच कोचने समोरच्या संघाला जिंकवलं हे गावभर झालं असतं, तर हसं क्लबचं झालं असतं. सेक्रेटरींना तर ते अजिबात नको होतं, कारण सरांना आणलं होतं त्यांनीच.

“सर, तुम्ही ओरडलात ते आपल्या विकेटकीपरला,” सेक्रेटरी म्हणाले. प्रश्न नव्हता, भूल देणं चाललं होतं.

सर काही बोलायच्या आत बगळा दारात आला. चार वर्षांनंतर दोघं पहिल्यांदा एका खोलीत होते. बगळा अध्यक्षांसमोर उभा राहिला आणि पाठ केलेलं घडाघडा म्हणून टाकलं. “मला काहीच ऐकू आलं नाही. हेल्मेट होतं, लोकांचा गोंगाट होता. माझं मीच सावरलं. सरांचा काही संबंध नाही.”

“झालं!” अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. “मिटलं. सर, तुम्ही फक्त ‘हो’ म्हणा. करार तयार आहे.”

सरांनी बगळ्याकडे पाहिलं. पोरगा आपल्यासाठी खोटं बोलायला आला होता. मागच्या वेळी गप्प बसल्याचं तो आज फेडत होता, हे न कळण्याइतके सर बावळट नव्हते. त्यांचा राग तिथल्या तिथे विरघळला. ‘हो’ अगदी ओठांवर आलं.

पण बगळ्याला वाटलं, सांगितल्यापेक्षा जरा जास्त जोर लावावा. “आणि तसंही,” तो हसून म्हणाला, “सरांचं ओरडणं मनावर कोण घेतं? लहानपणापासून ऐकतोय. या कानाने ऐकायचं, त्या कानाने सोडायचं.”

कमिटी हसली. सोफ्यावरचं प्लास्टिकही हसलं. हे वाक्य बाईंचं नव्हतं.

सरांनी ‘हो’ गिळलं.

“काय म्हणालास?”

“काही नाही सर,” बगळा म्हणाला, आणि त्याचा चेहरा उतरला. सरांचा हा आवाज त्याच्या ओळखीचा होता.

“आपोआप सरळ झालं? चार हंगाम मी घसा फोडला ते या कानातून त्या कानात?” सर उठले. कोपऱ्यात टेबलांचे सुटे पाय रचून ठेवले होते, त्यातला एक त्यांनी उचलला आणि बगळ्याच्या हातात दिला. “घे. स्टान्स घे.”

“सर, बसा,” सेक्रेटरी म्हणाले. “नका.”

“सर, नको ना,” बगळा कळवळून म्हणाला. “काकूंनी सांगितलंय...”

“स्टान्स घे!”

बगळ्याने घेतला. टेबलाचा पाय गालिच्यावर टेकवून तो अध्यक्षांकडे तोंड करून उभा राहिला. मान त्याने मुद्दाम ताठ धरली होती. सर त्याच्या समोर जाऊन, अध्यक्षांच्या खुर्चीशेजारी उभे राहिले, हात पाठीमागे बांधले आणि थांबले. मुद्दाम धरलेली मान फार वेळ टिकत नाही, हे त्यांना पाठ होतं. खोलीत कोणी हलत नव्हतं. हळूहळू बगळ्याचं डोकं पडायला लागलं, ऑफ स्टंप नसलेल्या त्या खोलीत ऑफ स्टंपकडे.

सर ओरडले नाहीत. अगदी हळू, जेवणाच्या पाटावर म्हणावं तसं म्हणाले, “डोकं.”

डोकं झटकन वर आलं. अध्यक्षांनी पाहिलं, सेक्रेटरींनी पाहिलं, सगळ्यांनीच पाहिलं. बगळ्याचे डोळे भरले. “तुम्ही पण ना सर,” तो म्हणाला, आणि टेबलाचा पाय त्याने हलकेच भिंतीला टेकवला.

“बघितलंत?” सर कमिटीकडे वळून म्हणाले. “त्याने ऐकलं होतं.”

यापुढे कमिटीला करण्यासारखं एकच काम उरलं होतं, आणि ते त्यांनी सभ्यपणे केलं. सेक्रेटरींनी सरांना दारापर्यंत सोडलं आणि म्हणाले, “एक अक्षर, सर. एकच अक्षर हवं होतं.”

घरी बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी चेहऱ्यावरूनच ओळखलं, तरी विचारलं. सरांनी सगळं सांगितलं, टेबलाच्या पायासकट. सांगता सांगता ते उभे राहिले, बगळ्याचं डोकं कसं पडलं ते करून दाखवलं, कसं वर आलं तेही दाखवलं. नोकरी गेलेला माणूस इतका खूश असलेला बाईंनी कधी पाहिला नव्हता.

“अगं, एवढ्या गोंगाटात ऐकलं त्याने,” सर म्हणाले. “मला वाटायचं, सगळं वाया गेलं. कोणीच ऐकलं नाही आपलं. पण ऐकलं गं त्याने.”

बाईंनी पदराला हात पुसले.

“आणि मी?” त्या म्हणाल्या. “लग्न झाल्यापासून रोज मीच ऐकतेय. माझ्यासाठी एकदा गप्प बसायचं होतंत.”

सर उभे होते तसेच, अर्ध्या स्टान्समध्ये, उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ओरडण्यासारखं काही सुचलं नाही.